उपाशी श्वासाची किल्ली

हणमंतआण्णा इंगवल्यांना त्या दिवशी काय काय मिळणार होतं, ते आधी पाहून घेऊ. खडकाई देवीच्या रथावर पुढची बैठक, देवळापासून शिवेवरच्या पिंपळापर्यंत आणि परत. गुरवाच्या हातून पहिला नारळ. साऱ्या कुसवडीच्या देखत बांधला जाणारा फेटा. आणि या सगळ्याहून गोड म्हणजे रथामागून पायी चालणाऱ्या भगवानतात्या शितोळ्यांच्या चेहऱ्यावरचा भाव, जो आण्णांना पुढे बसूनही आरशात नीट दिसायचा. वाहनाला आरसा कायद्यानं लागतो. तो बरोबर तात्यांच्या उंचीला लावून घ्या, असं मात्र कायदा सांगत नाही.

बदल्यात द्यायचं काय, तर तीन दिवसांची भूक. पाण्यावाचून काही पोटात जाऊ द्यायचं नाही, की झालं. सौदा स्वस्तच म्हणायचा, आणि इंगवल्यांचं घराणं तो पिढ्यान्‌पिढ्या करत आलं होतं. अट एकच होती. उपास मोडला की मान दुसऱ्या भावकीकडे जायचा, आणि गेलेला मान परत यायचा नाही. हे कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. पूर्वी हा मान शितोळ्यांकडे होता आणि तात्यांच्या पणजोबांनी तो उसाच्या एका कांडीपायी घालवला होता. ती कांडी गाव अजून विसरलं नव्हतं. तात्या तर नाहीच.

रथाचा मंडप जुनाच, सागवानी, मोर आणि वेली कोरलेला. खालचा भाग मात्र नवा. गावात बैल उरले नव्हते आणि दोर ओढणारी पोरं पुण्यात बसून घरच्या भिंतीवर जत्रा बघायची, तेव्हा ट्रस्टनं मंडपाखाली बॅटरीवर चालणारा गाडा बसवून घेतला होता. देवीला चार्जिंगला लावलंय, असं सुरुवातीला लोक हसून म्हणायचे. मग सवय झाली.

गाड्याला किल्ली नव्हती. लोकांना घेऊन चालणाऱ्या साऱ्याच मोठ्या वाहनांना आता श्वासकिल्ली असे. माणूस जो श्वास सोडतो, त्यात शेकडो द्रव्यं अगदी कणाकणानं मिसळलेली असतात, आणि त्यांचं मिश्रण ज्याचं त्याचं असतं. वाहन ते हुंगतं, माणूस ओळखतं, दारू प्यायलेला असला तर हटून बसतं. अंगठ्याच्या ठशावर चालणारी यंत्रं कुसवडीत आधी येऊन गेली होती, पण ऊस तोडून आणि कांदे काढून अर्ध्या गावाचे ठसे केव्हाच पुसले गेले होते. श्वास काही कामानं झिजत नाही. ट्रस्टनं फक्त एवढं केलं, की फुंकायची नळी उघडी दिसू नये म्हणून तिला पितळी गोमुख बसवून घेतलं.

रथाच्या दिवशी ऊन उतरायला लागलं तसे आण्णा फेटा बांधून बैठकीवर चढले. हलगी थांबली. आण्णांनी हात जोडले, गोमुखात फुंकर घातली.

रथ अदबीनं म्हणाला, "चालकाची ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करावा."

आण्णांनी पुन्हा केला, मग जरा जोरानं केला. रथाची अदब तसूभर कमी झाली नाही आणि चाकंही तसूभर हलली नाहीत.

मग निदान सुरू झालं. वाहन बंद पडलं की आपल्याकडे प्रत्येक माणूस मेकॅनिक होतो, आणि वाहन देवीचं असलं तर प्रत्येक माणूस मेकॅनिक आणि भगत असा दोन्ही होतो. कुणी बॅटरीला नावं ठेवली, कुणी उन्हाला. झेंडूच्या माळांचं ओझं जास्त झालंय, असं एकानं सांगितलं. जरा ढकलून बघू या, अशी सूचनाही आली, कारण कुसवडीत आजवर जे जे वाहन चालू झालं होतं ते कधी ना कधी ढकलूनच. पण ओळख पटल्याशिवाय चाकांची पकड सुटत नव्हती. भगवानतात्या मात्र काहीच सुचवत नव्हते. ते हाताची घडी घालून शांत उभे होते, आणि आण्णांना ती शांतता सगळ्या सूचनांपेक्षा जास्त बोचत होती.

शेवटी प्रांजल सुतारला पुढे बोलावलं. रथाची मूळ चाकं तिच्या पणजोबांच्या पणजोबांनी घडवलेली. आता तिचं तालुक्याला गॅरेज होतं आणि रथाची देखभाल गेल्या वर्षापासून तिच्याकडे होती. बाईमाणसानं रथाला हात लावायचा का, यावर तेव्हा गुरवानं थोडी कुरकुर केली होती. पण रथाखाली उताणं झोपून वायरी तपासायला दुसरं कुणी तयार होईना, तेव्हा ती कुरकुर आपोआप विरली.

प्रांजल आली, माळा बाजूला सारून खाली शिरली. बॅटरी भरलेली होती. मोटर ठीक, पकड ठीक, एकही जोड सैल नव्हता. बाहेर येऊन तिनं हात पुसले आणि स्वतः गोमुखात फुंकलं. देखभाल करणारी म्हणून तिचाही श्वास रथाला ठाऊक होता. "नमस्कार, प्रांजल," रथ म्हणाला आणि त्याच्या पोटात बारीक घुमणं सुरू झालं. तिनं ते लगेच बंद केलं.

"रथाला काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"मग कुणाला झालंय?" तात्यांनी विचारलं. एवढा वेळ जपून ठेवलेलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

प्रांजलनं आण्णांकडे पाहिलं. मग देवीला साज चढवताना ओढतात तो मंडपाचा पडदा तिनं ओढून घेतला आणि आण्णांना आत घेऊन हातातल्या तपासयंत्रात सावकाश फुंकायला लावलं. यंत्राच्या काचेवर रेघा उमटल्या. त्यांच्याशेजारी तिनं गेल्या वर्षीच्या रेघा आणून ठेवल्या आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिली.

"आण्णा, काही खाल्लंय का तुम्ही?"

"उपास आहे माझा."

"ते गावाला माहीत आहे. रथाला काय माहीत आहे, ते मी विचारतेय."

बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तिनं आवाज आणखी खाली आणला आणि समजावून सांगितलं. पोटात तीन दिवस काही गेलं नाही, की शरीर साठवणीतली चरबी जाळायला काढतं. ती जळताना ॲसिटोन नावाचं द्रव्य तयार होतं आणि श्वासातून बाहेर पडतं. कडक उपास केलेल्या माणसाच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो, तो त्याचाच. गेल्या वर्षी किल्ली देताना, म्हणजे रथाला आण्णांचा श्वास शिकवताना, तिनं ट्रस्टला विनवलं होतं, की आण्णांचा श्वास वेगवेगळ्या दिवशी घेऊ द्या. जेवल्यावर घेऊ, झोपून उठल्यावर घेऊ, सर्दी झाली असताना घेऊ, म्हणजे एकाच माणसाचा श्वास किती तऱ्हांनी बदलतो ते यंत्राला कळेल. ट्रस्टनं ऐकलं नाही. देवीची किल्ली काय येता-जाता देतात? ती रथाच्याच दिवशी, मुहूर्तावर, गावाच्या देखत, एकदाच द्यायची. तशी ती दिली गेली, आणि तीन दिवसांच्या उपाशी आण्णांनी एकच फुंकर घातली.

"यंत्राला जे दाखवलं तेच ते शिकलं," प्रांजल म्हणाली. "हा रथ तुम्हाला ओळखत नाही, आण्णा. तो उपाशी असलेल्या तुम्हाला ओळखतो. आज त्याच्या मते इथे दुसराच कुणीतरी येऊन बसलाय."

आण्णा खाली बसले. मग अडखळत त्यांनी सांगितलं. दिवाळीत साखरेचा आजार निघाला होता. गोळ्या चालू होत्या, आणि गोळ्या घेऊन उपाशी राहायचं नाही, असं डॉक्टरनं दटावलं होतं. उपासाच्या पहिल्याच पहाटे डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंतीला धरून खाली घसरले. मालननं, म्हणजे बायकोनं, दार लोटून घेतलं आणि दूध-भाकरी समोर ठेवली. पहिल्या दिवशी चक्कर आली म्हणून खाल्ली. दुसऱ्या दिवशी येऊ नये म्हणून खाल्ली. तिसऱ्या दिवशी, हे सांगताना आण्णांची मान खाली गेली, त्यांनी लोणचंही मागितलं.

प्रांजलला हसू आलं, पण तिनं ते आवरलं.

"आजारी माणसानं भाकरी खाल्ली. यात लाजायचं काय आहे? बाहेर जा आणि सांगून टाका."

"बाहेर तात्या आहे."

तेवढ्या वाक्यात सगळं आलं. उसाची कांडी, पणजोबा, आरसा, सगळंच.

"हे बघा," ती म्हणाली, "मला काही सांगता येणार नाही. श्वासात माणसाचे आजार दिसतात, म्हणून तो वाचणाऱ्याला डॉक्टरासारखीच बंधनं आहेत. मी एक शब्द बोलले तर माझा परवाना जाईल. पण बाहेर गेल्यावर लोक विचारणारच, काय झालं होतं म्हणून. ते तुम्हीच सांगायचं. सांगणार असाल तर मी तुमचा आत्ताचा श्वास रथाला शिकवते. दिवस आजचाच आहे, मुहूर्त अजून टळलेला नाही, गाव पडद्याबाहेर उभंच आहे, नियमात बसतं."

"सांगतो," आण्णा म्हणाले.

तिनं गोमुख त्यांच्यापुढे केलं. आण्णांनी फुंकलं. जुनी खूण पुसली गेली, नवी उमटली. तिनं पडदा सारला.

बाहेर सारं गाव वर बघत होतं. तात्यांनी विचारलं, "काय निघालं?"

"ते आण्णा सांगतील," प्रांजल म्हणाली.

आण्णांनी तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर होते, असं ते पुढे स्वतःला अनेकदा सांगणार होते. पण समोर तात्यांनी हाताची घडी सोडली होती आणि ते किंचित पुढे झुकले होते, ताट वाढायला आल्यावर पंगतीतला माणूस झुकतो तसे. आण्णांनी तोंड मिटलं.

गर्दीतली शांतता फार वेळ मोकळी राहत नाही, कुणीतरी तिच्यात काहीतरी आणून ठेवतंच. गुरवानं ठेवलं. तो प्रांजलकडे न बघता, जणू वाऱ्याला विचारावं तसं म्हणाला, "पोरीला काही अडचण तर नव्हती?"

हा शब्द त्या अर्थानं गावात कित्येक वर्षांत उघड्यावर कुणी वापरला नव्हता. तो संपला, असं शिकलेली माणसं समजत होती. पण तो नुसता वळचणीला जाऊन बसला होता, कारण हाक मारल्याबरोबर आला. आणि आला तो किती सोयीचा! बॅटरीची अब्रू राहिली, ट्रस्टची राहिली, देवीचा कोपही स्वस्तात सुटला. माणसं एकमेकांकडे बघून मान हलवू लागली. पुढे उभ्या असलेल्या बायकांनी पदर सावरले.

प्रांजलनं उत्तर दिलं नाही. त्या प्रश्नाच्या उत्तराचा रथ बंद पडण्याशी काही संबंध नव्हता, तेव्हा इथेही ते दिलेलं नाही. ती फक्त आण्णांकडे बघत राहिली. गर्दीच्या कडेला उभी असलेली मालनकाकीही त्यांच्याकडेच बघत होती.

आण्णांनी फेट्याचा शेमला सारखा केला. मग म्हणाले, "मुहूर्त टळतोय. पोरी, तू जरा शिवेपलीकडे जाऊन थांब."

प्रांजलला आधी ते नीट ऐकू आलंच नसावं, कारण ती क्षणभर तशीच उभी होती. मग तिनं हत्यारं पिशवीत भरली. खाली उतरण्याआधी गोमुखावर बसलेली धूळ फडक्यानं पुसली, सवयीनं, आणि चालू लागली. गर्दीनं तिला वाट करून दिली, गरजेपेक्षा जरा जास्तच रुंद.

ती पिंपळापलीकडे पोचल्याचा निरोप आला तेव्हा गुरवानं रथावर गोमूत्र शिंपडलं. आण्णांनी डोळे मिटून फुंकर घातली.

"नमस्कार, हणमंतराव," रथ म्हणाला. चाकांची पकड सुटली. हलगी कडाडली आणि गुलालात रथ दिसेनासा झाला.

शास्त्रज्ञ प्रयोग करतात तेव्हा बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलतात आणि काय होतं ते बघतात. कुसवडीनंही तेच केलं. रथ तोच, आण्णा तेच, बॅटरी तीच. पोरगी होती तेव्हा रथ अडला, पोरगी गेली तेव्हा चालला. एवढा स्वच्छ प्रयोग आणि एवढा बिनतोड निष्कर्ष क्वचितच जुळून येतो. तो जिनं आपल्या हातानं जुळवून दिला होता ती पिंपळापलीकडे उन्हात उभी होती. रथ शिवेपर्यंत आला, वळला. वळताना आण्णांच्या आरशात तात्या दिसायच्या जागी ती दिसली. आण्णांनी आरसा हातानं खाली वळवला.

रात्री जेवताना मालनकाकीनं न मागता लोणचं वाढलं. आण्णांनी ते ताटाच्या कडेला सारलं, तेव्हा तिनं आणखी एक फोड वाढली.

गावानं नियम केला, की यापुढे रथाला बाईचा हात लागायचा नाही. देखभालीचं काम परगावच्या एका माणसाला दिलं. माळा गुंफून चढवणाऱ्या मुलींना खाली बसून गुंफायला सांगितलं, चढवायला पोरं आली. रथाच्या चाकाशी ओटी भरायची रीत होती, तीही बंद झाली. त्यात मालनकाकीची ओटीही गेली. ही बातमी तालुक्याला पोचायला रथाइतका वेळ लागला नाही. आजूबाजूच्या गावांनी आपापल्या पालख्यांच्या गाड्या प्रांजलकडून काढून घेतल्या, मग लग्नाच्या गाड्या गेल्या, मग रोजच्या. जिचा हात लागला की वाहन अडतं, अशी मेकॅनिक! या धंद्यात याहून वाईट कीर्ती नाही.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर परवाना गेला असता, आणि गिऱ्हाइकं गेल्यावर हातात राहिलं होतं ते तेवढंच.

थंडी संपता संपता आण्णा तिच्या गॅरेजवर गेले. मोकळ्या हातानं कसं जायचं म्हणून स्कूटर ढकलत नेली. चालू होत नाही म्हणाले. प्रांजलनं झाकण उघडलं आणि एक वायर दोन बोटांत धरून दाखवली.

"ही आपली आपण निघत नाही, आण्णा. कुणीतरी काढावी लागते."

आण्णा स्टुलावर बसले. गॅरेजात दुसरं वाहन नव्हतं, हे त्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. मग इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आले. येत्या जत्रेला आपण खराखुरा उपास करणार आहोत, डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणो. चक्कर येवो, काहीही होवो. झालेल्या गोष्टीचं प्रायश्चित्त म्हणून. हे ऐकून तिला जरा बरं वाटेल अशी त्यांची अपेक्षा होती.

प्रांजल वायर जोडत होती. ती न थांबता म्हणाली, "उपास केलात तर रथ हलणार नाही."

"का?"

"तुमची जुनी खूण मी पुसली ना त्या दिवशी. रथाला आता जेवलेले हणमंतराव माहीत आहेत. उपाशी बसलात तर म्हणेल, ओळख पटली नाही."

आण्णांना हे समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मुद्दाम केलंस?"

"नाही. तुम्ही बाहेर जाऊन खरं सांगणार होता. मग जेवलेलीच खूण बरोबर होती."

मग आण्णांनी हळूच विचारलं, की ती खूण पुन्हा बदलता येणार नाही का. येईल की, ती म्हणाली, पण रथ आता तिच्याकडे नव्हता. आणि किल्ली द्यायची ती रथाच्याच दिवशी, मुहूर्तावर, गावाच्या देखत. का बदलायची, हे तिथे कुणीतरी विचारणारच. नियम ट्रस्टचा होता, आणि ट्रस्टवर आण्णा होते.

तिनं झाकण बसवलं. स्कूटर पहिल्या फटक्यात चालू झाली. आण्णांचा हात खिशाकडे गेला, पण तिनं मान हलवली आणि पाठ वळवून हात धुवायला गेली. आण्णांनी स्कूटर बंद केली आणि आणली तशीच ढकलत रस्त्यापर्यंत नेली. चालू स्कूटरच्या आवाजात तिथून निघून जाणं त्यांना जमेना.

जत्रा आता जवळ आली आहे. पहाटे दार लोटून भाकरी खाल्ली, तर रथ नमस्कार करील, हलगी वाजेल, आरशात तात्या दिसतील. उपाशी बसले, तर रथ अडेल, आणि अडलेल्या रथाभोवती गाव पुन्हा कारण शोधायला लागेल. या खेपेला रथाजवळ बाई नाही, प्रांजल नाही, परगावचा तो एकटाच माणूस रथाखाली उताणा झोपलेला असेल.

हिशेब मात्र गेल्याच जत्रेचा बाकी आहे. मान आण्णांना राहिला. तात्यांना पणजोबांची कांडी राहिली. गावाला एक नियम मिळाला आणि देवीला कुणी काही विचारलं नाही. मालनकाकीची ओटी गेली, मुलींच्या हातातल्या माळा गेल्या, प्रांजलचं गॅरेज जाण्यातच जमा आहे. भाकरी आण्णांनी खाल्ली, तिचा उपास या साऱ्या जणींना घडला. यंदा तो कुणाला घडेल?